केसांखालचा कुत्रा

आजच्या धाग्यात गड नाही, लढाई नाही, तहनामाही नाही. एक पेंढा भरलेला कुत्रा आहे.

इंग्लंडमध्ये ट्रिंग या गावी तेथील निसर्गेतिहास संग्रहालयाची एक शाखा आहे. वॉल्टर रॉथ्सचाइल्ड या धनाढ्य प्राणिप्रेमीने जमवलेल्या संग्रहातून ती उभी राहिली. तिथल्या काचेच्या कपाटांत जुन्या जातिवंत कुत्र्यांची रांगच मांडलेली आहे आणि त्या रांगेत ‘आ कम’ नावाचा एक पेकिनीज उभा आहे. १८९६ साली त्याला चीनमधून इंग्लंडला आणले गेले. त्याच्याकडे पाहताच पहिली गोष्ट जाणवते ती ही की, याला नाक आहे! मुस्कट पुढे आलेले दिसते, पाय दिसतात, अंगावरचे केसही बेताचेच. आता आजच्या प्रदर्शनात मिरवणारा एखादा पेकिनीज आठवा. जमिनीवर लोळणारी केसांची झूल, तिच्याखाली पाय आहेत की चाके हे कळू नये, आणि चेहरा ताटलीसारखा सपाट.

सव्वाशे वर्षांत हा फरक कोणी घडवला? इतक्या थोड्या काळात निसर्ग अशी घाई करत नाही. माझे उत्तर असे आहे की, हा फरक श्वानप्रदर्शनाच्या रिंगणात उभ्या असलेल्या परीक्षकाने घडवला, आणि तोही हातात कात्री न धरता. पुढे जे लिहितो आहे ते काही श्वानप्रेमी मित्रांना रुचणार नाही. त्यांनी शेवटपर्यंत वाचून मग भांडावे.

आधी थोडा इतिहास. नीट आखलेले पहिले श्वानप्रदर्शन जून १८५९ मध्ये न्यूकॅसल अपॉन टाइन या शहराच्या टाउन हॉलमध्ये भरले. प्रवेश ६०. जाती दोनच, पॉइंटर आणि सेटर. दोन्ही शिकारी कुत्रे. झुडपात दडलेल्या पक्ष्याचा वास घ्यायचा आणि जागच्या जागी थबकून शिकाऱ्याला दिशा दाखवायची, हे त्यांचे काम. बक्षीस म्हणून पेप नावाच्या स्थानिक बंदूककाराने घडवलेल्या बंदुका ठेवल्या होत्या. (गंमत अशी की, पॉइंटर गटाच्या एका परीक्षकाचा कुत्रा सेटर गटात जिंकला आणि सेटर गटाच्या परीक्षकाचा पॉइंटर गटात. म्हणजे ‘परीक्षक कोणाचा’ हा वाद प्रदर्शनाच्या पहिल्या दिवसाइतकाच जुना आहे.)

पण माझ्या दृष्टीने त्या दिवशी घडलेली मोठी गोष्ट वेगळीच होती. टाउन हॉलमध्ये पक्षी नव्हते, वारा नव्हता, झुडूप नव्हते. ज्या कुत्र्याची सारी किंमत त्याच्या नाकात, त्याची परीक्षा माणसाच्या डोळ्यांनी सुरू झाली.

याची टोचणी त्या काळच्या शिकाऱ्यांनाही लागली असावी. सहाच वर्षांनी, १८६५ साली, बेडफर्डशायरमधील साउथहिल येथे कुत्र्यांची पहिली मैदानी चाचणी भरली. तेव्हापासून दोन प्रवाह वेगळे झाले ते झालेच. एका प्रवाहात कुत्रा काय करतो हे पाहिले जाते, दुसऱ्यात कुत्रा कसा दिसतो हे. पुढे १८७३ मध्ये केनेल क्लबची स्थापना झाली, १८७७ मध्ये न्यूयॉर्कच्या वेस्टमिन्स्टर प्रदर्शनात १,२०१ कुत्री आली, १८९१ मध्ये चार्ल्स क्रफ्टने लंडनमध्ये आपल्या नावाचे प्रदर्शन भरवले. या सगळ्या तारखा तुम्हांला कुठेही मिळतील, त्यांत अडकत नाही.

केनेल क्लबच्या आरंभीच्या सभासदांतील एका माणसापाशी मात्र थांबायलाच हवे. डेव्हनचे पाद्री जॉन रसेल. ज्यांच्या नावाने आज टेरियरची जात ओळखली जाते, तेच. १८७४ साली त्यांनी क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात फॉक्स टेरियरचे परीक्षण केले. परंतु स्वतःची कुत्री त्यांनी प्रदर्शनापासून दूरच ठेवली. आपले टेरियर आणि प्रदर्शनातले टेरियर यांची तुलना त्यांनी रानगुलाब आणि बागेतल्या गुलाबाशी केली होती. म्हणजे या खेळाचे नियम घडत असतानाच, ते घडवणाऱ्यांपैकी एकाला दोहोंतले अंतर दिसत होते.

प्रदर्शन आले तसा शृंगारही आला. पांढऱ्या पायांवर खडूची पूड, फिकट डागांवर रंग, नको तिथले केस उपटणे, हवे तिथले फुलवणे. व्हिक्टोरियन काळात या बनवाबनवीची उघड चर्चा चाले. ती रोखण्यासाठी नियमही झाले. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत आजही नियम असा आहे की, केसांचा नैसर्गिक रंग किंवा पोत बदलेल असा पदार्थ लावून कुत्र्याला रिंगणात आणू नये. स्वच्छतेसाठी खडू वापरलाच तर तो रिंगणात पाऊल टाकण्यापूर्वी पूर्ण झटकून काढावा. नियम स्पष्ट आहे. तो पाळला जातो की नाही, हे कोणत्याही मोठ्या प्रदर्शनाच्या तयारीच्या मंडपात दहा मिनिटे उभे राहिले की समजते. तिथल्या हवेत खडू तरंगत असतो आणि फवाऱ्याच्या डब्यांचा वास नाकात बसतो.

इथवर वाचून तुमचे मत झाले असेल की, मी शृंगाराच्या विरोधात आहे. तसे नाही. शृंगाराच्या कुळकथेत शहाणपणही पुष्कळ आहे.

पूडलचेच पाहा. छाती, सांधे आणि शेपटीचे टोक यांवर केसांचे गोंडे, बाकी अंग तासलेले. हा प्रकार पाहून हसू न आलेला माणूस विरळा. पण पूडल हा मूळचा पाण्यात उतरून शिकार आणणारा कुत्रा. सगळे केस ठेवले तर भिजून जड होणार, सगळे काढले तर थंड पाण्यात गारठणार. म्हणून पोहण्याच्या आड येणारे केस काढायचे आणि छाती व सांध्यांची ऊब राखायची, अशी या कापणीची परंपरागत उपपत्ती सांगतात. पुढे पॅरिसमध्ये सीन नदीच्या काठी पूडल भादरणारे कारागीर बसू लागले आणि सोयीची कापणी शोभेची झाली. टोपणनाव पुढे आडनाव व्हावे तसे झाले.

किंवा वायर फॉक्स टेरियर. त्याच्या तारेसारख्या राठ केसांना कात्री लावत नाहीत, मेलेले केस बोटांनी उपटून काढतात. जिवंत केस मुळाशी घट्ट असतो, पिकलेला सहज निघतो, आणि त्या जागी पुन्हा राठ केस येतो. मशीन फिरवले तर केस मऊ पडतात, रंग उतरतो, काटेरी झुडपातून आणि बिळातून जाताना अंगाचे रक्षण करणारे चिलखतच ढिले होते. इथे शृंगार आणि उपयोग यांत भांडण नाही. वेस्टमिन्स्टरचा सर्वोच्च मान या जातीने १५ वेळा मिळवला, त्यामागे अशा बोटांचे तासन्‌तास आहेत. त्या कष्टांविषयी मला आदरच आहे.

आणि उलट बाजूही सांगितली पाहिजे. ‘आमचा कुत्रा नैसर्गिक आहे’ असे म्हणत गाठी पडलेल्या, गोचिडांनी भरलेल्या कुत्र्याला समोर आणणे हा निसर्ग नव्हे, निष्काळजीपणा आहे. कुत्रा रानातून आलेला नाही. पंधरा हजार वर्षे, कदाचित त्याहून अधिक काळ, तो माणसाच्या शेकोटीपाशी घडला आहे. त्याचे ‘नैसर्गिक’ रूप कोणते, हा प्रश्न दिसतो तितका भोळा नाही.

मग रेघ कुठे ओढायची?

आपल्या वाचकांना बखर आणि अस्सल पत्र यांतला भेद वेगळा सांगायला नको. बखर रंगवलेली असते, पत्र कोरडे असते. म्हणून बखर कोणी जाळत नाही. ती पत्राशी ताडून पाहतात. कुत्र्याचे केस ही बखर आहे. हाडे, सांधे, श्वास आणि चाल ही अस्सल साधने. परीक्षकाने बखर वाचावी, तिच्या भाषेला दादही द्यावी, पण निवाडा पत्रावर करावा. प्रदर्शनाच्या रिंगणात ही शिस्त मोडली, एवढीच माझी तक्रार आहे.

ती कशी मोडली याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकन कॉकर स्पॅनियलचे. ‘माय ओन ब्रूसी’ नावाच्या काळ्या कॉकरने १९४० आणि १९४१ अशी लागोपाठ दोन वर्षे वेस्टमिन्स्टर जिंकले. त्याची छायाचित्रे उपलब्ध आहेत, जरूर पाहा. पाय दिसतात, पोटाची रेघ दिसते, कुत्रा धावत असेल असे वाटते. आजचा विजेता कॉकर पाहिला तर कमरेखाली जणू रेशमी परकर नेसवलेला. आता गंमत अशी आहे की, या जातीचे अमेरिकन मानक म्हणते, केस इतके अमाप नसावेत की कुत्र्याची खरी ठेवण आणि चाल झाकली जाईल. अति केसांना कठोर गुणकपात सांगितली आहे. पाठीवर विजेचे यंत्र फिरवणे इष्ट नाही, असेही बजावले आहे. आणि पुढे म्हटले आहे की, जी काही छाटणी करायची ती शक्य तितकी नैसर्गिक दिसेल अशी करावी.

हे शेवटचे वाक्य मी कितीदा वाचले असेन. छाटणी करा, पण छाटलेली दिसू देऊ नका! ‘नैसर्गिक सादरीकरण’ या शब्दप्रयोगाची सारी गोची या एका अपेक्षेत आहे. निसर्ग हीसुद्धा एक केशरचना ठरली, आणि तिला सर्वांत जास्त वेळ लागतो. इंग्रजांच्या बागा आठवा. वाकडी वाट, मुद्दाम ओबडधोबड ठेवलेले तळे, सहज उगवल्यासारखे झाड, आणि त्या सहजतेमागे राबणारे वीस माळी.

मानकात लिहिले एक आणि बक्षीस मिळाले भलत्यालाच. मग ब्रीडरने काय शिकावे? कागद काय म्हणतो ते नाही, फीत कोणाच्या गळ्यात पडते ते. पुढच्या पिढीसाठी नर-मादी निवडताना तो तेच डोळ्यांपुढे ठेवतो. केसांचा परकर मग कात्रीचा राहत नाही, रक्तात उतरतो. फॅन्सी प्राणी पाळणाऱ्या हौशी मंडळींना मध्यम रूप आवडत नाही, त्यांना टोकच हवे असते, ही गोष्ट डार्विनने कबुतरांच्या शौकिनांकडे पाहून १८५९ सालीच नोंदवली होती. न्यूकॅसलचे प्रदर्शन आणि डार्विनचा ग्रंथ एकाच वर्षातले, हा योगायोगच, पण सूचक.

म्हणूनच कात्रीवर बंदी घातली की प्रश्न सुटला, असे मी मानत नाही. याचाही दाखला इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात बुल टेरियर, काळा-तांबडा टेरियर अशा जातींचे कान कापून टोकदार उभे करण्याची चाल होती. ती क्रूर होती यात शंका नाही. १८९५ साली लंडनमध्ये याबद्दल खटला झाला. युवराज एडवर्ड, म्हणजे पुढचे सातवे एडवर्ड, यांनी या प्रथेविरुद्ध मत दिले, आणि १८९८ पासून केनेल क्लबने कान कापलेल्या कुत्र्यांना प्रदर्शनाची दारे बंद केली. ३१ मार्च १८९५ नंतर जन्मलेल्या प्रत्येक कुत्र्याला हा नियम लागू होता. फार चांगला निर्णय. पण लोकांच्या डोळ्यांत उभा कान बसलेला होता. झुकत्या कानांचे बुल टेरियर कोणाला आवडेनात. जात काही काळ मागे पडली, आणि मग ब्रीडर मंडळींनी जन्मतःच कान उभे राहतील अशी पैदास केली. सुरी गेली, आवड राहिली.

उभा कान निरुपद्रवी आहे, त्याने कुत्र्याचे काही बिघडले नाही. पण त्याच जातीचे डोके पाहा. स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथील निसर्गेतिहास संग्रहालयात अल्बर्ट हाइम यांच्या नावाने कुत्र्यांच्या कवट्यांचा मोठा संग्रह आहे. निरनिराळ्या दशकांतील बुल टेरियरच्या कवट्या शेजारी शेजारी ठेवल्या की, सरळ असलेले मुस्कट टप्प्याटप्प्याने खाली वाकत गेलेले दिसते. शिलालेखाइतका स्वच्छ पुरावा. अंड्यासारखे डोके रिंगणात शोभून दिसले, परीक्षकांनी वाखाणले, हाड वाकले.

केस धुता येतात. हाड धुता येत नाही.

ऑगस्ट २००८ मध्ये बीबीसीने जातिवंत कुत्र्यांच्या आनुवंशिक आजारांवरचा माहितीपट दाखवला आणि हा सारा प्रकार घराघरांत पोचला. पुढच्या वर्षीपासून बीबीसीने क्रफ्ट्सचे प्रक्षेपण सोडले. केनेल क्लबने मानके सुधारली. पेकिनीजच्या नव्या मानकात एक अट आली, मुस्कट दिसलेच पाहिजे. ट्रिंगच्या काचेआड उभ्या असलेल्या आ कमला हे ऐकू आले असते तर त्याने शेपूट हलवली असती की डोक्याला हात लावला असता, कोण जाणे. जे त्याच्यापाशी होते ते आधी घालवायचे आणि मग ते असावे असा नियम करायचा!

२०१२ च्या क्रफ्ट्समध्ये त्याहून पुढचे पाऊल पडले. अतिरेकी ठेवणीबद्दल चिंता असलेल्या १५ जातींतील प्रत्येक जातविजेत्याला स्वतंत्र पशुवैद्याने तपासावे, मगच मान पक्का करावा, असे ठरले. सहा जातींचे विजेते या तपासणीत अडकले. पेकिनीज, बुलडॉग, मॅस्टिफ, नेपोलिटन मॅस्टिफ, बॅसेट हाउंड आणि क्लंबर स्पॅनियल. मोठा गदारोळ झाला. परीक्षकांचा अपमान झाला, असे पुष्कळांनी म्हटले. माझे मत असे की, अपमान झाला तो योग्यच झाला. जातीतला सर्वोत्तम म्हणून निवडलेला कुत्रा वैद्याच्या पहिल्या नजरेला टिकू नये, ही परीक्षणावरची टिप्पणी नव्हे तर काय?

परीक्षकाची बाजूही मांडतो. अमेरिकन केनेल क्लबच्या हिशेबाने परीक्षकाने ताशी सुमारे २५ कुत्री पाहायची असतात. म्हणजे एका कुत्र्याला जेमतेम अडीच मिनिटे. तेवढ्यात दात पाहायचे, खांद्याचा कोन हाताने चाचपायचा, बरगड्या, कंबर, मागचे पाय, मग चालवून बघायचे, मग शेजारच्यांशी तुलना. केसाळ जातीत हात हाच खरा डोळा. चांगला परीक्षक बोटे केसांत खोल घालून हाड शोधतो, तेव्हा मागे हँडलरच्या चेहऱ्यावर तीन तासांची मेहनत विसकटल्याचे दुःख स्पष्ट दिसते. पण अनेकदा उलटे घडते. रचना बिघडू नये म्हणून परीक्षकाचा हात वरवर फिरतो. सभ्यता म्हणून. केसांत फवारा लागला असेल तर तो बोटांना कळतोच, तरी कुत्र्याला बाहेर काढण्याची वाईट भूमिका कोणी घेत नाही. नियम शतकभर जुना आणि तो चालवायचा कोणी, तर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या प्रदर्शनात याच मंडळींना भेटणाऱ्या माणसाने!

म्हणून माझी सूचना सोपी आहे. केसाळ जातींत चाल आधी पाहा, रूप मागाहून. वैद्याची तपासणी ठरावीक जातींपुरती न ठेवता प्रत्येक जातविजेत्याला लावा. आणि मानकात ‘अति केसांना गुणकपात’ असे लिहिले असेल तर निदान एकदा ती करून दाखवा.

आता थोडे घराजवळ येऊ. आपल्याकडच्या कारवानी कुत्र्याला लपवायला काही नाही. तोकडे केस, लांब पाय, खोल छाती, आत ओढलेले पोट. (लांब केसांचा प्रकारही आहे, त्याला पश्मी म्हणतात.) मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी याच घराण्यातल्या कुत्र्यांना राजाश्रय दिला. मालोजीराव घोरपड्यांनी विलायतेत पंचम जॉर्जना त्यांची जोडी भेट दिल्याची हकिकत मुधोळकडे अजून अभिमानाने सांगतात, आणि २००५ साली मुधोळ हाउंड टपाल तिकिटावरही आला. अशा कुत्र्यापुढे शृंगारपेटी निरुपयोगी ठरते. तरी शृंगार वाट काढतोच.

काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनाला गेलो होतो. देशी जातींच्या गटात जेमतेम तीन कुत्री. त्यांतल्या एकाला घेऊन माणदेशाकडचे एक गृहस्थ आले होते, डोक्यावर फेटा, हातात साधी सुती दोरी. कुत्र्याचा डावा कान टोकापासून फाटलेला. रात्री मेंढरांच्या वाड्यावर आलेल्या लांडग्याशी झालेल्या झटापटीची खूण, असे त्यांनी सांगितले. शेजारच्या एका हौशी बाईंनी अगदी मायेने पर्समधून काळी पेन्सिल काढली. “दादा, जरा कडेला फिरवून घ्या. लांबून कळणार नाही.”

काम करणाऱ्या जॅक रसेल टेरियरच्या मानकात अशी स्पष्ट तरतूद आहे की, कामात झालेल्या जखमांचे जुने व्रण परीक्षणात आड येऊ नयेत, फक्त चालीत किंवा उपयोगात बाधा नसावी. मला ती आठवली. त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

“नको ताई,” ते हसून म्हणाले, “त्या कानावरनंच त्याचं नाव फाट्या ठेवलंय. कान झाकला तर हाक कशी मारू?”

परीक्षकांनी फाट्याला तिसरा क्रमांक दिला. त्यांचा हात कुत्र्याच्या पाठीवरून एकदाच फिरला, कानापाशी थबकला आणि मागे आला. छातीपर्यंत तो गेलाच नाही. गृहस्थांनी फीत घडी घालून खिशात ठेवली, कुत्र्याला पाणी पाजले आणि एसटी चुकेल म्हणून ते दोघे बक्षीस समारंभाआधीच निघाले. मैदानाच्या फाटकाशी दोरी सुटली तसा फाट्या धावला. दहा-बारा ढांगांतच तो रस्त्याच्या टोकाला पोचला होता. रिंगणातले सगळे लोक तेव्हा दुसरीकडे पाहत होते.